'ब्रूअर्स ट्यूडर' : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्ड भागातील 'द ब्लॅक हॉर्स' या पबची वास्तुशैली 'ब्रूअर्स ट्यूडर' आहे असे वाचनात आले, मराठीत तिला 'ट्यूडरकालीन शैली' म्हणता येईल का?

तसे म्हणू नये. ट्यूडर घराण्याचे इंग्लंडवरील राज्य १४८५ ते १६०३ या काळातले, आणि ही वास्तू डेव्हनपोर्ट्स या बिअर-कंपनीसाठी फ्रान्सिस गोल्ड्सब्रो यांनी १९२९ च्या सुमारास उभारलेली. 'कालीन' म्हणताच तीन शतकांहून मोठी चूक पदरात पडते.

या संज्ञेत खरे वजन 'ब्रूअर्स', म्हणजे बिअर बनवणारे, या शब्दाला आहे. त्या काळी इंग्लंडमधील बहुतेक पब बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्याच मालकीचे असत. शहराच्या दाटीतील जुने दारू-परवाने परत केल्यास उपनगरात मोठा, सुधारित पब बांधू द्यावा, असे बर्मिंगहॅमच्या परवाना-दंडाधिकाऱ्यांचे धोरण होते. साहजिकच कंपन्यांना दंडाधिकाऱ्यांच्या आणि कुटुंबवत्सल गिऱ्हाइकांच्या नजरेत भरेल असे सभ्य, घरंदाज रूप हवे होते, आणि ते त्यांना उतरत्या छपरांत, उंच धुराड्यांत, काळ्या तुळयांत व पांढऱ्या गिलाव्यात सापडले. ब्लॅक हॉर्सच्या मागे बोल्स या चेंडू घरंगळवण्याच्या खेळासाठी राखलेली हिरवळही आहे.

अस्सल ट्यूडर घरात ओक लाकडाचा सांगाडा भार पेलतो आणि त्याच्या चौकटी आपल्याकडील कुडाप्रमाणे काटक्या-मातीने भरलेल्या असतात. या नव्या पबांत बहुधा भार विटांच्या भिंतीवर आणि लाकूड नुसते वरून ठोकलेले. म्हणून या संज्ञेत थोडी थट्टा आहे. ब्लॅक हॉर्सच्या बाबतीत मात्र ती मला अन्यायाची वाटते, कारण कारागिरीच्या जोरावर या वास्तूने 'ग्रेड २ तारांकित' असे (इंग्लंडमधील दुसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीचे) वारसा-संरक्षण मिळवले आहे. दोन महायुद्धांदरम्यानच्या पबांकडे एकूणच उशिरा लक्ष गेले. 'हिस्टॉरिक इंग्लंड' या वारसा-जतन संस्थेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये अशा २१ पबांना संरक्षित दर्जा मिळाला.

माझ्या मते पहिल्या उल्लेखात 'ब्रूअर्स ट्यूडर' तसेच ठेवावे आणि पुढे 'ट्यूडर धाटणी' म्हणावे. 'महायुद्धांदरम्यानची पबशैली' हा पर्याय चालणार नाही, कारण इंग्लंडमधील हॅलिफॅक्सचा 'थ्री पिजन्स' हा पब (१९३२) त्याच काळातला असूनही आर्ट डेको या भौमितिक, आधुनिक वळणाच्या शैलीचा आहे. पबसाठी 'गुत्ता' हा शब्दही टाळावा. गुत्ता म्हणजे मुळात ठेका (मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात), त्यामुळे परवान्याच्या व्यवहाराशी त्याचे नाते जुळते खरे. पण आज त्या शब्दाला जी बदनामी चिकटली आहे, नेमकी तीच या कंपन्यांना पुसून टाकायची होती.