टर्बो बदलायच्या आधी हवा कुठून पळतेय ते बघा

प्रश्न : माझ्याकडे २००५ ची ऑक्टाविया आरएस आहे, बाबांनी नवी घेतलेली, १ लाख ६० हजार किमी झालेत. वर्षभरात पिकअप हळूहळू कमी झालं आणि आता खंबाटकी चढताना तिसऱ्यात पाय पूर्ण दाबला तरी गाडी ओढत नाही. बॉनेटमधून सूंऽऽ आवाज येतो, आयडलला सुई वरखाली होते. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, मित्र म्हणतो रीमॅप कर (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढव), सगळं परत येईल. की हे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे होतंय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी एक विनंती, टर्बोची ऑर्डर दिली असेल तर थांबवा. तुम्ही जे सांगताय, म्हणजे सूं आवाज आणि हलणारी सुई, ते ऐकून मला आधी पाइप आठवतात, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही. या १.८ लिटर २० व्हॉल्व्हच्या इंजिनात रबरी पाइप भरपूर आणि तुमचे आता वीस वर्षांचे झालेत, इंजिनाच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने ते एकतर कडक होऊन तडकतात नाहीतर चिकट मऊ होऊन फाटतात.

गंमत बघा, एकच भोक दोन उलटी कामं करतं. एअरफ्लो सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. पाय दाबला की टर्बोने भरलेली हवा भोकातून बाहेर जाते, म्हणजे पेट्रोल पूर्ण पण हवा कमी, मागून काळा धूर. आणि आयडलला इंजिन त्याच भोकातून न मोजलेली हवा आत ओढतं, म्हणून सुई नाचते.

स्कॅनर लावून नुसते एरर कोड बघून सोडू नका. व्हीसीडीएस (स्कोडा-फोक्सवॅगन गाड्या तपासायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) असलेला माणूस गाठा, त्यातला ११५ नंबरचा ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा गट, गाडी चालताना लॉग करायला सांगा, रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून वरपर्यंत, गाडी तुम्ही चालवा आणि लॅपटॉप त्याच्याकडे. त्यात ईसीयूने मागितलेलं बूस्ट (टर्बोने तयार केलेला हवेचा दाब) आणि मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी दिसतं. सोबत हवेचा आकडाही घ्या. ढोबळ हिशोब असा की जितके हॉर्सपॉवर त्याच्या साधारण ०.८ पट ग्रॅम हवा सेकंदाला लागते, तुमची गाडी १५० ची, म्हणजे १२० च्या आसपास. बूस्ट कमी पण हवा ठीक दिसली तर टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपांत गळती आहे. दोन्ही कमी असतील तर एन७५ व्हॉल्व्ह (बूस्ट नियंत्रित करणारा), वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून जादा धूर सोडणारी झडप) किंवा सायलेन्सरच्या वाटेवरचं चोक झालेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. बूस्ट ठीक पण हवेचा आकडा कमी असेल तर मळलेला एअरफ्लो सेन्सर. तेल लावायचा कॉटन फिल्टर बसवला असेल तर सेन्सर आधी बघा, ते तेल त्याच्यावर बसतं.

गळती शोधायला स्मोक टेस्ट करा. इनटेकमध्ये धूर भरला की फाटलंय तिथून निघतोच. इनटेक मॅनिफोल्डखालचे ब्रीदर पाइप (इंजिनातली तेलाची वाफ नेणारे), इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) जाणारा खालचा पाइप, आणि पाय काढला की जादा बूस्ट परत वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह मुद्दाम बघायला लावा, त्याच्या आतला रबरी पडदा फाटला की बूस्ट गोल गोल फिरत राहतं.

टर्बो खरंच गेलाय का हे इनलेटचा पाइप काढून हाताने कळतं. शाफ्ट आडवा किंचित हलणं चालतं, पण पुढेमागे सरकत असेल किंवा पाती बॉडीला घासत असतील, निळा धूर असेल, तर गेला.

रीमॅप आत्ता अजिबात नको. गळत्या पाइपांवर बूस्ट वाढवलं की कमी पडलेली हवा भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरतो, आणि जो चांगला होता तोही जातो. वीस वर्षं बाबांनी सांभाळलेली गाडी आहे, तिला असं मारू नका.

ई२० चं म्हणाल तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडेल, पण घाटात असा दम तुटणार नाही. मात्र तुमची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, त्यामुळे पेट्रोलचे रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा याच वेळी तपासून घ्या, तिथली गळती म्हणजे आगीचा धोका.

प्लग, कॉइल आणि चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशनही बघून घ्या. लॉग निघाला की मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, दोन्ही आकडे पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.