बावीस लाखांची आजीव देणगी की दरमहा तीस हजार : मुलाच्या निवासाचा निर्णय

प्रश्न : मी ६४ वर्षांची, जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आहे. माझे शेवटचे मूळ वेतन ६८ हजार रुपये होते. यजमान ६९ वर्षांचे असून साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. आमच्या ३६ वर्षांच्या मुलाला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. तो स्वतःचे बरेचसे स्वतः करतो, सकाळचा चहाही तोच ठेवतो, फक्त गॅस पेटवताना कुणीतरी जवळ लागते. साठ मुलांची एक निवासी संस्था २२ लाख रुपये आजीव देणगी आणि दरमहा ६ हजार रुपये घेऊन त्याला कायमचे सांभाळायला तयार आहे. दुसरा पर्याय पुण्याजवळच्या पाच जणांच्या एका घराचा आहे. हे घर पालकच चालवतात. तेथे ३ लाख परतीची अनामत आणि दरमहा ३० हजार रुपये द्यावे लागतात. आमच्याकडे ३८ लाखांच्या मुदत ठेवी आणि ९ हजार भाडे देणारा एक फ्लॅट आहे. मुलगी पुण्यात असते. एकदाच पैसे भरून निश्चिंत व्हावे, असे यजमानांना वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. यजमानांच्या म्हणण्यामागची काळजी मला पूर्णपणे समजते. आपल्यामागे याचे कोण करणार, या विचाराने ज्यांची झोप उडालेली असते, त्यांना ‘आजीव’ हा शब्द फार मोठा आधार वाटतो. तरीही माझे मत स्पष्ट आहे : २२ लाखांची देणगी देऊ नये. महिन्याला द्यायच्या पैशाला जी ताकद असते, ती देऊन टाकलेल्या पैशाला राहत नाही. काळजीचा दर्जा घसरला तर तुमच्या मुलाला तेथून हलवता आले पाहिजे आणि त्यासाठी पैसा तुमच्या, म्हणजे पुढे त्याच्या विश्वस्तांच्या, हातात असला पाहिजे.

आधी दोन्ही पर्यायांचा खरा खर्च पाहू. २२ लाखांवर सात टक्क्यांनी महिन्याला सुमारे १२,८०० रुपये व्याज मिळाले असते. त्यात ६ हजार मिळवले तर पहिला पर्याय दरमहा १८,८०० रुपयांचा होतो. आता संस्थेच्या बाजूने हिशेब मांडू. चोवीस तास एक काळजीवाहक हजर ठेवायचा तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एक माणूस ४८ तास काम करतो, त्यामुळे सुट्ट्या आणि रजा धरून एका जागेसाठी चार माणसे नेमावी लागतात. प्रत्येकाला १६ हजार पगार धरला, तर एका जागेचा खर्च ६४ हजारांवर जातो. चार जणांमागे एक काळजीवाहक ठेवला तर केवळ पगारापोटी प्रत्येकी १६ हजार लागतात. अन्न, वीज, औषधे, दुरुस्ती, वाहन आणि जागेचे भाडे त्याशिवाय. या हिशेबाने ३० हजार ही रक्कम चैनीची ठरत नाही. उलट १८,८०० रुपयांत इतर खर्च दहा हजारांच्या आसपास धरला, तर सात-आठ जणांमागे एक माणूस येतो, आणि तोही देणगीची मुद्दल शाबूत असेल आणि तिचे व्याजच वापरले जात असेल तरच. मुद्दल इमारतीत घातली असेल, तर आजच्या मुलांचा खर्च नव्याने दाखल होणाऱ्यांच्या देणगीतून भागवला जातो आणि प्रवेश थांबले की गाडी अडते. सार्वजनिक न्यासांना लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. संस्थेकडे मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागावेत आणि आजीव देणग्या कायम निधीत वेगळ्या गुंतवलेल्या दिसतात का, ते पाहावे. ताळेबंद दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावे.

काळजीचा दर्जा कागदावर समजत नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अशा संस्थेला नोंदणी आवश्यक आहे. ती असलीच पाहिजे, पण तेवढ्यावर विसंबू नये. २०११ साली पनवेल परिसरातील एका आश्रमात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले, तेव्हा बाहेरच्या माणसांचे येणे-जाणे किती मोलाचे असते, हे अनेक पालकांना कळले. काही वर्षांपूर्वी मी एका पालकांबरोबर एक संस्था पाहायला गेलो होतो. इमारत स्वच्छ होती, अंगणात तुळस होती, भिंतीवर वेळापत्रक लावलेले होते. संध्याकाळी सव्वासहाला सर्वांची जेवणे उरकली आणि साडेसातला दिवे बंद झाले, कारण दिवसपाळीच्या मावशी आठला निघत आणि रात्री पंचवीस जणांसाठी एकच माणूस असे. कपड्यांचे कपाट सामाईक होते आणि कुणाच्याही अंगात कुणाचाही सदरा असे. कुणी कुणाला मारत नव्हते, उपाशीही ठेवत नव्हते. पण ज्या मुलाला स्वतःचा शर्ट निवडता येत होता, त्याचे ते कौशल्य तेथे वर्षभरात गेले. म्हणून पत्रातले चहाचे वाक्य माझ्या मनात राहिले. साठ जणांच्या स्वयंपाकघराला सुरक्षिततेपोटी बहुधा कुलूप असते. पाच जणांच्या घरात गॅसजवळ उभे राहायला एक माणूस मिळू शकतो. जास्तीचे अकरा-बारा हजार त्यासाठी द्यायचे आहेत.

म्हणून दोन्ही ठिकाणे आधी न कळवता, रविवारी दुपारी आणि एखाद्या दिवशी रात्री आठनंतर पाहावीत. प्रत्येकाचा टूथब्रश आणि कपडे वेगळे आहेत का, वजनाची नोंद होते का, शांत ठेवण्याच्या गोळ्या कुणाला, कोणाच्या सल्ल्याने दिल्या जातात, हे विचारावे. काळजीवाहक किती वर्षे टिकून आहेत, हा प्रश्न मी सर्वांत वर ठेवतो. दोन-दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील, तर तुमच्या मुलाला काय आवडते, हे तेथे कुणालाच ठाऊक नसणार.

पालकांनी चालवलेल्या घरातही धोके आहेत. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने उभे केलेल्या ‘घरकुल’सारखी उदाहरणे धीर देतात, पण पाच जणांचे घर फार लहान असते. दोघे सोडून गेले तर शुल्क वाढते, सारा भार एका व्यवस्थापकावर असतो आणि ते चालवणारे पालकही वयाने वाढत असतात. त्यामुळे करार लेखी हवा. दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची पूर्वसूचना, अनामत परतीची मुदत, शुल्कवाढीची पद्धत आणि मुलगा दीर्घकाळ आजारी पडल्यास काय करायचे, हे त्यात नमूद करून घ्यावे.

आता तुमच्या पत्रात नसलेली, पण सर्वांत मोठी रक्कम. तुमच्या आणि यजमानांच्या पश्चात तुमचे कुटुंब निवृत्तिवेतन मुलाला आयुष्यभर मिळू शकते, कारण अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला वयाची अट लागू होत नाही. तुमचे शेवटचे मूळ वेतन ६८ हजार होते, असे तुम्ही कळवले आहे. त्याचे ३० टक्के म्हणजे २०,४०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. आजच्या हिशेबाने ही रक्कम तीस हजारांच्या आसपास जाते, म्हणजे पुण्याच्या घराचे जवळपास पूर्ण शुल्क. मात्र त्याचे नाव आणि अपंगत्व प्रमाणपत्र तुमच्या हयातीतच सेवा-अभिलेखात नोंदवलेले असावे. निवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या कार्यालयात याच महिन्यात अर्ज करावा आणि पोच जपून ठेवावी. पालक गेल्यावर ही कागदपत्रे गोळा करताना भावंडांची होणारी दमछाक मी पाहिली आहे.

पुढचा अंदाज असा. शुल्क वर्षाला आठ टक्क्यांनी वाढले तर पंधरा वर्षांनी ते सुमारे ९५ हजार होईल. निवृत्तिवेतन पाच टक्क्यांनी वाढले तर ६४ हजारांच्या घरात जाईल. महिन्याला ३१ हजारांची तूट पडेल. तुमच्या ३८ लाखांतून अनामत वजा जाता ३५ लाख राहतात. ते करोत्तर सहा टक्क्यांनी न मोडता वाढले, तर तोवर सुमारे ८४ लाख होतील आणि त्यांचे व्याज ही तूट भरून काढू शकेल. आज तुमच्या निवृत्तिवेतनातून व भाड्यातून घरखर्च भागवून शुल्क जेमतेम निघते, म्हणून ठेवींना हात न लावणे शक्य आहे. वैद्यकीय खर्चासाठी मात्र त्यातले पाच लाख वेगळे समजावेत. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचे संरक्षण एक लाखापर्यंतच असते. ते घ्यावेच, पण शस्त्रक्रियेला ते पुरणार नाही. फ्लॅट विकू नये. या सगळ्या आकडेमोडीत तीच खरी राखीव गंगाजळी आहे.

ठेवी आणि फ्लॅट मुलाच्या नावावर थेट करू नयेत, आणि मुलीला नामनिर्देशित केले म्हणजे सोय झाली, असेही समजू नये. नामनिर्देशनाने मालकी ठरत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. दोघांनीही मृत्युपत्र करावे आणि त्याद्वारे मुलाच्या हितासाठी खासगी न्यास स्थापन व्हावा. मुलाच्या कायदेशीर पालकत्वासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. नियुक्त पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. माझा आग्रह असा की मुलगी पालक असावी आणि न्यासाचे पैसे इतर दोघा-तिघांनी सांभाळावेत, त्यात एक तरी तिच्याहून वयाने लहान असावा. काळजी ठरवणारा आणि पैसा ठेवणारा वेगळा असला की दोघांवरही नजर राहते. भावाला भेटायला जाण्याचा मुलीचा प्रवासखर्च न्यासातून देण्याची तरतूद जरूर करावी. न कळवता येणारे घरचे माणूस हे दर्जाचे सर्वांत भरवशाचे संरक्षण आहे आणि पुण्याजवळच्या घराच्या बाजूने माझे मत त्यामुळेच पक्के झाले.

स्थलांतर मात्र तुमच्या पश्चात नव्हे, तुम्ही दोघे धडधाकट असताना, येत्या दोन वर्षांत व्हावे. आधी एक महिना चाचणी म्हणून ठेवावे आणि त्या काळात करारावर सही करू नये. घरी परत आल्यावर तो सकाळी आपणहून चहा ठेवतो का आणि तेथल्या कुणाचे नाव घेतो का, हे पाहून मला पुन्हा लिहावे.