कारा कोयुनलूंचा खरा संस्थापक कोण?

कारा कोयुनलू या इराण-इराकवर राज्य केलेल्या तुर्कमान घराण्याचा संस्थापक म्हणून पुस्तकात बैराम ख्वाजाचं नाव येतं, मग जो तो त्याच्याच वंशातल्या कारा युसूफबद्दल का बोलतो आणि गोवळकोंड्याचा याच्याशी काय संबंध, असं तुम्ही विचारलंय.

वंशावळ मांडायची तर सुरुवात बैरामपासूनच. आजच्या पूर्व तुर्कस्तानातल्या व्हॅन सरोवराच्या परिसरात या तुर्कमान टोळीचा जम त्यानं बसवला. पण तो शेवटपर्यंत बगदाद-तब्रीझच्या जलायर सुलतानांच्या छायेतला सरदारच. राज्य उभं केलं युसूफनं, आणि माझ्या मते त्याचा पाया दमास्कसच्या कैदेत घातला गेला.

तैमूरपुढे टिकाव लागेना तेव्हा युसूफ ऑटोमन सुलतान बायेझिदच्या आश्रयाला गेला. तैमूरनं त्याला मागितलं, बायेझिदनं दिलं नाही. 1402 च्या अंकाराच्या लढाईमागे हेही एक कारण होतं. पुढे युसूफ इजिप्त-सीरियाच्या मामलुक सुलतानांच्या मुलखात शिरला, तर त्यांनी तैमूरच्या धाकानं त्याला दमास्कसला कोंडलं. तिथंच बगदादचा परागंदा जलायर सुलतान अहमदही अडकलेला. दोघांनी कैदेत बसून मुलूख वाटून घेतला: बगदाद अहमदला, तब्रीझ युसूफला. हातात एक गाव नाही आणि वाटणी दोन राजधान्यांची! त्याच काळात जन्मलेला युसूफचा मुलगा पीर बुदाक अहमदनं दत्तक घेतला.

1405 मध्ये तैमूर मेला, त्याच सुमारास हे दोघेही सुटले. 1408 मध्ये तब्रीझजवळ युसूफनं तैमूरच्या मुलाच्या, मीरानशाहच्या फौजेचा धुव्वा उडवला. मीरानशाह रणातच पडला. 1410 मध्ये अहमदनंच करार मोडून तब्रीझवर चाल केली, सापडला आणि मारला गेला.

खरी मुत्सद्देगिरी यापुढची. टोळीच्या म्होरक्याला सुलतान कोण मानणार? म्हणून युसूफनं स्वतः गादीवर न बसता पीर बुदाकला बसवलं. जलायरांचा दत्तक वारस म्हटल्यावर बोलायला कुणाला जागाच उरली नाही. कारभार अर्थात बापाचाच. 1420 मध्ये तैमूरचा मुलगा शाहरुख याच्याशी लढायला निघालेला युसूफ वाटेत आजारानं गेला आणि फौज लढाईआधीच पांगली.

गोवळकोंड्याचं म्हणाल तर पुढे अक कोयुनलू या प्रतिस्पर्धी तुर्कमान घराण्यानं कारा कोयुनलूंचं राज्य बुडवलं. कारा कोयुनलूंच्या घराण्यातला सुलतान कुली इराणातल्या हमदानकडून दख्खनेत आला, बिदरला बहमनींच्या चाकरीत चढत गेला आणि त्यानंच गोवळकोंड्याची कुतुबशाही स्थापली. 1677 मध्ये शिवाजी महाराज भागानगरला (हैदराबादला) गेले तेव्हा त्या गादीवर अबुल हसन तानाशाह होता, पण तो घराण्याचा जावई.