जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाकडून पुढच्या दिग्दर्शकांनी नेमकं काय घेतलं?

या प्रश्नावर एक ठरलेली यादी मिळते. ‘सेव्हन सामुराई’वरून ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, ‘योजिम्बो’वरून ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (परवानगी न घेता, तोहो या जपानी स्टुडिओने दावा ठोकला), आणि ‘स्टार वॉर्स’ला ‘हिडन फोर्ट्रेस’चा आधार. खरंय सगळं, पण हे झालं कथानक उचलणं. कसब उचलणं वेगळं, आणि त्यावरूनच माझं एका दिग्दर्शकाशी वाजलं होतं.

मी एडिटिंग करतो. एका शॉर्टफिल्मचं फुटेज आलं, तर शेवटची अख्खी मारामारी स्लो मोशनमध्ये! का, तर म्हणे ‘कुरोसावा टच’. मी साहेबांना बसवून ‘सेव्हन सामुराई’तला (१९५४) सुरुवातीचा प्रसंग लावला. चोराने मूल ओलीस धरलंय, भिक्षूच्या वेषातला सामुराई काम्बेई झोपडीत झेपावतो. आत काय झालं ते कॅमेरा दाखवतच नाही. चोर धडपडत बाहेर येतो, तो तेवढा स्लो मोशनमध्ये. मधेमधे बघ्यांचे शॉट मात्र नेहमीच्या वेगात. मग तो कोसळतो. सगळा परिणाम त्या दोन वेगांच्या टकरीत आहे. सगळंच संथ केलंत तर संथ कशाच्या तुलनेत?

साहेब म्हणाले, “लोकांना वार बघायचा असतो.” वर ढोल टाकायला लावले ते वेगळंच.

अमेरिकन दिग्दर्शक आर्थर पेनला हे बरोबर कळलं होतं. ‘बॉनी अँड क्लाइड’च्या (१९६७) शेवटाला त्याने चार कॅमेरे वेगवेगळ्या वेगांवर लावले आणि ते तुकडे एकमेकांत कापले. दोन वर्षांनी पेकिनपाने ‘द वाइल्ड बंच’मध्ये तेच आणखी ताणलं. प्रभाव म्हणतात तो हा. नुसता पाऊस पाडून आणि तलवारी चमकवून कोणी कुरोसावा होत नाही.

तुम्ही स्वतः फिल्म करणार असाल तर स्लो मोशनच्या प्रत्येक शॉटसोबत साध्या वेगाचंही काहीतरी शूट करा. एडिटर दुवा देईल.

हे अर्थात एडिटरच्या चष्म्यातून. लांब लेन्स, वारा, गर्दीची मांडणी यावर कॅमेरामन जास्त सांगेल. शिवाय कुरोसावा स्वतः जॉन फोर्डला मानायचा, त्यामुळे उगम शोधत बसू नका. पण कुरोसावा स्वतःच्या फिल्म स्वतः एडिट करायचा, शूटिंग चालू असतानाच. आमचे साहेब त्या एका दिवसानंतर फक्त फोनवर “जरा आणखी स्लो कर” एवढंच सांगायचे.