ग्रह भरपूर, पैसा कुठाय?

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र रविवारी 'इक्लिप्स' हा अवकाशात साम्राज्य वाढवायचा बोर्ड गेम खेळतो. मी सगळ्यांच्या आधी पसरतो, सेक्टर (अवकाशाचे तुकडे) पण भरपूर धरतो, तरी अर्धा खेळ झाला की पैसाच उरत नाही आणि घेतलेलं सोडायला लागतं. कुठं चुकूलोय?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : अरे, पसरण्यात चूक काहीच नाही, पण या खेळात पसरायला भाडं पडतं बघ की. तुझ्या बोर्डावर गोल चकत्यांची रांग असते ना, ती नीट बघ. सेक्टर धरला की एक चकती गेली, शोध, संशोधन, बांधणी, कुठलीही ॲक्शन घेतली की अजून एक गेली, आणि चकती उचलली की तिच्याखालचा खर्चाचा आकडा उघडा पडतो. आधी 1, 2, 3 असा सावकाश चालतो म्हणून आपण बिनधास्त सुटतो, मग 5, 7, 10, 13 करत तो धावत सुटतो. ॲक्शनची चकती राउंड संपल्यावर परत येते, सेक्टरवरची तिथंच बसते, म्हणजे पुढच्या राउंडला तुझी पहिलीच ॲक्शन महागात पडणार.

म्हणून नवीन सेक्टरची टाइल उलटली की आधी केशरी चौकोन शोधायचा, कारण पैसा तिथनंच येतो. तिथं लोकसंख्येचा ठोकळा ठेवलास की उत्पन्न 2 वरनं 3, मग 4, मग 6, 8 असं चढतं. (चौकोन प्रगत असेल तर आधी ते तंत्रज्ञान घ्यायला लागतं, हे विसरू नको.) नुसते गुलाबी-तपकिरी चौकोन असतील तर विज्ञान आणि माल मिळेल, पण भाडं कोण भरणार? टाइल सापडली म्हणून चकती ठेवलीच पाहिजे असा नियम नाहीच, आणि ठेवलेली नको वाटली तर इन्फ्लुएन्स ॲक्शननं (चकत्या हलवायची चाल) परत रांगेत आणता येते. तोटा दिसायला लागला तर सरळ पास म्हण, पहिला पास म्हणणारा पुढच्या राउंडला पहिला खेळतो, तो फायदा लहान नाही. एकदा सेक्टर सोडायची वेळ आली की त्यातले ठोकळे परत बोर्डावर येतात, उत्पन्न आणखी घटतं, आणि तिथनं वर येणं लई अवघड.

तौको ताहकोकल्लिओ या फिनलंडच्या डिझायनरनं 2011 मध्ये हा खेळ आणला, आणि मला विचारशील तर त्यातल्या सगळ्या लढायांपेक्षा ही चकत्यांची रांगच भारी आहे.

प्रश्न : आमच्या आईला आणि शेजारच्या अक्कांना पण 'इक्लिप्स' खेळायचंय, पण त्यांना इंग्लिश वाचता येत नाही. जमेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नक्की जमेल. बोर्डावर बहुतेक सगळं रंगात आणि चिन्हात आहे, नियम एकानं वाचायचे आणि मराठीत, कन्नडमध्ये सांगत जायचं. तंत्रज्ञानाच्या टाइल्सची चिन्हं तेवढी एका कागदावर काढून शेजारी दोन्ही भाषांत लिहून ठेवा. सगळ्यांना मानव वंशच द्या, त्यांना विशेष नियम नाहीत आणि पैसा, विज्ञान, माल यांची अदलाबदल पण सोपी, 2 देऊन 1 घ्यायचा. पहिल्या दिवशी पूर्ण खेळू नका, तीन राउंड पुरे.