मुलाखती घ्यायला लागण्याआधी

औषधाच्या चाचणीतल्या रुग्णांच्या मुलाखतींसाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. मेहनत दिसते, पण २८ प्रश्न फार झाले. आठ ठेव आणि रुग्णाला बोलू दे. ‘औषधाने बरं वाटलं ना?’ असं विचारलंस की उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी ‘गोळ्या सुरू झाल्यापासून दिवस कसा जातो?’ असं विचार.

नवीन माणसं हमखास चुकतात ती चाचणी संपल्यावर मुलाखती सुरू करून. ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ या प्रोस्टेट कर्करोगाच्या चाचणीत संशोधकांनी रुग्णांना चाचणीत सहभागी करून घेतानाचीच संभाषणं ऐकली. ‘वॉचफुल वेटिंग’ (लगेच उपचार न करता आजारावर लक्ष ठेवणं) म्हणजे काहीच उपचार नाहीत, असं रुग्णांना वाटत होतं. तो शब्द बदलला, माहिती सांगण्याची पद्धत सुधारली आणि सहभागाचं प्रमाण ४० वरून ७० टक्क्यांवर गेलं. म्हणून सुरुवातीपासून ऐक.

आणखी तीन गोष्टी:
- मुलाखतींचा भाग प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यात) लिही, एथिक्स कमिटीची मंजुरी घे. रेकॉर्डिंगची संमतीही विचारून घे.
- डॉक्टरांसमोर मुलाखत नको. ऐरोली-घणसोलीच्या आगरी आजी त्यांच्यासमोर तक्रार करत नाहीत, घरी ओटीवर मोकळ्या होतात. त्यांची बोली तशीच उतरव, प्रमाण मराठी करू नकोस.
- बोलता बोलता कुणी चक्कर, उलटी असं काही सांगितलं तर ते नुसतं टिपणात ठेवू नकोस, त्याच दिवशी चाचणीच्या डॉक्टरांना कळव. हे कधीही विसरू नकोस.

कोडिंगचं, म्हणजे मुलाखतींतल्या मुद्द्यांची वर्गवारी करण्याचं, सॉफ्टवेअर आत्ता राहू दे. पहिल्या दोन मुलाखती स्वतः ऐकून हाताने उतरव, मग वाशीला भेटू आणि एकत्र वाचू.