“तुमच्यासाठी खरं असेल” या वाक्याचं काय करायचं

नव्याने ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आला आहेस. येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला असं म्हणालास की मित्र म्हणणारच, “तुझी श्रद्धा आहे ना, मग तुझ्यासाठी ते खरं.” ऐकायला गोड वाटतं, पण मान डोलावून मोकळा होऊ नकोस.

बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15 सावकाश वाच. ते लिहिणारा प्रेषित पौल तिथे साफ सांगतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल, तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. मनाला शांती मिळते ना, मग झालं, असं तो म्हणत नाही. उलट पाचशेहून अधिक बंधूंना प्रभू दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं लिहितो. म्हणजे जा, विचारा! मला हा अध्याय फार मोलाचा वाटतो, कारण पौल स्वतःचा सगळा विश्वास एका घडलेल्या गोष्टीवर पणाला लावतो.

प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत एकत्र म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी पंतय पिलाताचं नाव घेतो, तेही यासाठीच. येशूला क्रुसावर देण्याचा हुकूम देणारा तो यहूदिया प्रांताचा रोमी सुभेदार होता. त्याच्या नावाचा कोरीव शिलालेख 1961 साली आजच्या इस्राएलमधल्या कैसरियात सापडला. त्या शिलालेखाने पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मेलेल्यांतून उठणं, सिद्ध होत नाही, तसा दावा कधी करू नकोस. पण आपली कथा तारखा-माणसांच्या जगातली आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

शंका आली तर दडपू नकोस, पाळकांना सरळ विचार. समोरच्याशी बोलताना आवाज चढवू नकोस. आधी लूकच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका वृत्तांताचे, पहिले तीन अध्याय वाच, राजांची आणि सुभेदारांची नावं वहीत उतरवून काढ.